लाकडातील लिग्निन आणि आपली जुनी मासिके

कोकणात आपले पूर्वज शनिवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांच्या लाकडी घाण्याने एवढा दाब सोसला तो ज्या द्रव्याच्या बळावर, त्याचे नाव लिग्निन.

लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या बारीक तंतूंच्या जुड्या. त्यांना जखडून ठेवते ते लिग्निन. लोखंडी सळ्यांभोवती काँक्रीट असावे तसे. ते नसते तर मुळांचे पाणी शेंड्याला नेणाऱ्या नळ्या आतल्या आत चपट्या झाल्या असत्या आणि झाडे एवढी उंच वाढलीच नसती. पाइनच्या लाकडात ते वजनाच्या पाव भागाहून थोडे अधिक असते. कापसात जवळजवळ नसतेच.

हे नाव स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने १८१३ मध्ये वापरले. लॅटिनमध्ये लिग्नम म्हणजे लाकूड. पुढे १८३८ मध्ये पायें या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रिक आम्ल व अल्कली वापरून लाकडातले हे द्रव्य काढून टाकले. मागे राहिले ते सेल्युलोज, कापसात असते तेच.

त्या काळी कागद चिंध्यांचा होई. वर्तमानपत्रे वाढली, चिंध्या पुरेनात. १८४४ च्या सुमारास सॅक्सनीत केलर या विणकराने सहाणेवर चंदन उगाळावे तसे लाकूड ओल्या दगडावर घासून लगदा केला. त्याच सुमारास कॅनडात फेनर्टी यानेही तो केला. कागद स्वस्त झाला, पण लाकडातले लिग्निन सगळे त्यात राहिले, आणि ऊन व हवा लागली की ते पिवळे पडते. ते काढून टाकण्यासाठी टिल्घमन याने १८६७ मध्ये गंधकाच्या आम्लाच्या कृतीचे पेटंट घेतले. नंतर जर्मनीत दाल याने क्राफ्ट कृती शोधली. क्राफ्ट म्हणजे बळ. त्या लगद्याचा कागद खरोखरच मजबूत असतो.

आता आम्हा नर्सेसच्या जिव्हाळ्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेत लिग्निन काढलेल्या लाकडी लगद्यापासून सेल्युकॉटन नावाची पट्टी तयार झाली. जखमा बांधता बांधता परिचारिकांनी ती मासिक पाळीसाठीही वापरली, आणि १९२० मध्ये त्याच मालाचे कोटेक्स बाजारात आले. मोठमोठ्या रसायनज्ञांच्या यादीत या परिचारिका नाहीत, हे मला खटकते.

आपल्या सेफेर तोराचे चर्मपत्र कातड्याचे, त्यात लिग्निनचा प्रश्नच नाही. पण मुंबईत स्वस्त कागदावर छापलेली आपली मासिके, लग्नपत्रिका, सिनेगॉगचे अहवाल कित्येक घरांत पेटीच्या तळाशी पिवळे पडत आहेत. पिवळेपणा लिग्निनचा, ठिसूळपणा मुख्यतः कागदातल्या आम्लाचा. अशी पाने कोरड्या जागी, अंधारात, आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवावीत. त्यांत वर्तमानपत्राची कात्रणे ठेवू नयेत. शेजारच्या पानावर डाग पडतो. फाटलेल्या कडेला सेलोटेप तर मुळीच लावू नये. आणि पान हाती धरवते आहे तोवर त्याचा फोटो काढून घ्यावा.