चित्रकथी (पैठण शैली)

चित्रे दाखवत गावासमोर पुराणकथा सांगण्याची महाराष्ट्रातील लोककला. ती सादर करणाऱ्या समाजालाही चित्रकथी म्हणतात. पैठण व आसपासच्या भागातून मिळालेल्या एकोणिसाव्या शतकातील चित्रांवरून तिच्या एका शैलीला ‘पैठण चित्रे’ हे नाव पडले. पैठणी वस्त्राशी या चित्रांचा संबंध नाही. परंपरा मात्र बरीच जुनी : बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो.

चित्राचा आकार साधारण ३० × ४० सेंमी. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, म्हणजे पान उलटले की कथेतला दुसरा प्रसंग समोर येतो. एका कथेच्या पानांचा गठ्ठा म्हणजे पोथी. रामायण-महाभारतातील प्रसंग, सीतास्वयंवर, हरिश्चंद्र, बभ्रुवाहन असे विषय त्यांत आढळतात. चेहरा एका बाजूने दाखवलेला, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा टपोरा, बाह्यरेषा जाड, लाल, पिवळा, हिरवा, निळा हे रंग सपाट भरलेले. वस्त्रांवर बारीक नक्षी, पार्श्वभूमी बहुधा मोकळी. युद्धप्रसंगात दोन वीर समोरासमोर आणि मधल्या जागेत बाणच बाण. कर्नाटक-आंध्रातील चामड्याच्या छायाबाहुल्यांशी या आकृतींचे जवळचे नाते दिसते.

या रांगड्या मांडणीला काही अभ्यासक कच्चेपणा समजतात. ते पटत नाही. ही चित्रे एकट्याने हातात घेऊन न्याहाळण्यासाठी नव्हतीच. देवळाच्या आवारात अख्खे गाव लेकराबाळांसह बसे; मागच्यालाही राम कोण, रावण कोण हे कळायला हवे. कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर उभे धरी आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने प्रसंग गाऊन, बोलून रंगवी. अक्षरओळख नसलेल्या आईला आणि तिच्या मांडीवरच्या मुलाला एकाच वेळी कथेत घेणारी ही सार्वजनिक कला होती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठण चित्रे जतन झाली आहेत. ते मोलाचे काम आहे, पण काचेआडच्या चित्राला आवाज नसतो. नाथषष्ठीच्या यात्रेला पैठणात जमणाऱ्या कुटुंबांसमोर ती पुन्हा गायली जावीत, असे मनापासून वाटते.

चित्रकथीची जिवंत परंपरा आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर आदिवासी समाजाकडे आहे. तिला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गोठ्याचे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय केले. तेथे जुन्या पोथ्यांबरोबर कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्याही आहेत आणि गंगावणे कुटुंब पाहुण्यांना प्रयोग करून दाखवते.