गुलाबी पाण्याची गोष्ट

मंडळी, आपल्याकडे पाण्याची चिंता म्हणजे नळाला पाणी कधी येणार ही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत मात्र ऑक्टोबर आला की कित्येकांना उलटीच चिंता लागते: नळातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर कसं काढायचं? घरातल्या नळाचं नव्हे हं, दारात उभ्या असलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरचं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं छोटंसं घर. ओटा, संडास, शॉवर, गीझर, सगळं आत. उन्हाळाभर भटकायचं आणि थंडीआधी ते नीट बंद करायचं. याला तिकडे 'विंटरायझिंग' म्हणतात. आपल्या भाषेत, ग्रेसफुल शटडाउन!

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? आहे, आणि तो बराच कडू आहे.

सुरुवात करू क्वेबेकपासून. १७८४ आणि १७८५ मध्ये तिथे ब्रिटिश तोफखान्याचे मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी एक मजेदार प्रयोग केला. लोखंडी पोकळ तोफगोळे पाण्याने भरले, तोंडाला लोखंडी बूच घट्ट ठोकलं आणि गोळे बाहेर थंडीत ठेवून दिले. पाणी गोठलं आणि एक बूच चारशे फुटांहून लांब उडालं. दारू नाही, ठिणगी नाही, नुसतं पाणी!

कारण शाळेत शिकलोय आपण. पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचा बोळा तयार झाला की पुढचं पाणी तो बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलं जातं. दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो. पुष्कळदा तो फुटतो बर्फापासून दूर, जिथे पाणी अजून गोठलेलंही नसतं. गंमत म्हणजे हे लगेच कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, पंप सुरू केला की भिंतीतून कारंजं!

सुरुवातीच्या ट्रेलरवाल्यांना हे दुखणं फारसं नव्हतं, कारण आत पाइपच मोजके होते. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीची 'क्लिपर' १९३६ मध्ये आली, तेव्हा ट्रेलरने स्वतःचं पाणी बरोबर नेणं हीच मोठी बात होती. १९५७ मध्ये त्याच कंपनीने 'इंटरनॅशनल' काढली, बाहेरच्या नळ-विजेच्या जोडणीशिवाय राहता येईल अशी. टाकी, पंप, गीझर, संडास असं सगळं ट्रेलरमध्ये आलं आणि पातळ भिंतींआड पाण्याचे पाइप फिरले. सोय वाढली तशा गोठण्याच्या जागाही वाढल्या. प्रत्येक नवं फीचर नवा बग घेऊन येतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

त्यावरचा उपाय तसा सरळ आहे. आधी गीझर बंद करून गार होऊ द्यायचा, दाब सोडायचा, मग त्याचं बूच काढून तो रिकामा करायचा. टाकी रिकामी करायची, सगळे नळ उघडायचे, पाइपांच्या सर्वांत खालच्या जागेचे ड्रेन उघडायचे. तरी वळणावळणांत पाणी उरतंच. ते काढायला काही जण कॉम्प्रेसरने हलक्या दाबाची हवा मारतात. काही जण गीझरला बायपास करून पंपाने पाइपांत एक गुलाबी द्रव भरतात. प्रत्येक नळातून गुलाबी धार आली की झालं. मोरीखालच्या वाकड्या पाइपातही थोडा ओततात.

हा गुलाबी द्रव म्हणजे बहुतेक वेळा पाणी आणि प्रोपिलीन ग्लायकॉल. आणि खरी गोष्ट इथेच आहे.

१८५० च्या दशकात वुर्त्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ग्लायकॉल पहिल्यांदा बनवलं. १९२७ च्या सुमारास इथिलीन ग्लायकॉल अमेरिकेत मोटारींच्या रेडिएटरसाठी बाजारात आलं. त्याआधी वापरलं जाणारं अल्कोहोल उडून जायचं, हे उडत नव्हतं. स्वस्त आणि गुणी, पण विषारी. चवीला गोड, शरीरात गेलं की त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये फक्त एक कार्बन जास्त. त्याचं शरीरात लॅक्टिक आम्ल होतं, जे आपलं शरीर रोजच हाताळतं. एका कार्बनचा फरक, पण केवढा! म्हणून पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत हेच भरायचं, रेडिएटरवालं कधीच नाही.

या कुटुंबातलं तिसरं भावंड म्हणजे डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७ मध्ये टेनेसीतल्या एका कंपनीने सल्फाचं औषध त्यात विरघळवून गोड सिरप म्हणून विकलं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. विकण्याआधी औषध सुरक्षित आहे का हे तपासण्याची कायद्याने सक्तीच नव्हती! कंपनीवर ठपका आला तो चुकीच्या लेबलचा: 'एलिक्झिर' म्हटलं, पण त्यात अल्कोहोल नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेत नवा कायदा आला आणि आधी चाचणी, मग विक्री असा नियम झाला.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर थांबा. १९८६ मध्ये आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेला धडा तोपर्यंत आपल्यापर्यंत पोचलाच नव्हता, की पोचून फाइलीत पडून होता?

ही सगळी द्रव्यं मुळात रंगहीन, दाट आणि गोडसर. डोळ्यांना फरक कळत नाही. ट्रेलरच्या द्रवाचा गुलाबी रंगसुद्धा वरून टाकलेला. तो रूढ संकेत आहे, पुरावा नव्हे. म्हणून तिथे राहणाऱ्या मित्रांनो, डबा घेताना रंग पाहू नका, घटक वाचा. अर्थात जे. जे.मधल्या बाटलीवर काय लिहिलंय हे वाचून कुणीच वाचलं नसतं. लेबल खरं ठरतं ते त्यामागे कुणीतरी प्रामाणिकपणे चाचणी केलेली असते म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये आपण टेस्टिंगचे दिवस कापतो तेव्हा एवढं आठवलं तरी पुरे.