विकतची थंडी : बव्हेरिया ते नाशिक 🧵

१/ इ.स. १५५३. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास मनाई केली. उन्हाळ्यातील बिअर नासत असे.

२/ साखरेचे मद्यार्कात रूपांतर करताना यीस्ट स्वतःही उष्णता निर्माण करते. लागर बिअरचे यीस्ट मात्र साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला, संथपणे काम करते. म्हणून सारी मदार तळघरांवर आणि हिवाळ्यात साठवलेल्या बर्फावर असे.

३/ १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्राने हे बंधन सैल केले. या यंत्राचे पहिले आश्रयदाते बिअरचे कारखानदारच होते.

४/ नाशिकपुढील पेच निराळा. येथे द्राक्षांची काढणी मुख्यतः जानेवारी ते मार्चदरम्यान होते. म्हणजे ऊन चढू लागते, तेव्हाच रस आंबत असतो. तापमान साधारण १२ ते १६ अंशांवर रोखले नाही, तर पांढऱ्या वाइनचा नाजूक सुगंध उडून जातो.

५/ राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. तिच्यामागे द्राक्षमळ्यांइतकेच महत्त्व होते तापमान नियंत्रित ठेवणाऱ्या पोलादी टाक्यांना.

६/ २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले आणि जिल्ह्यात वायनरी वाढल्या. द्राक्षे नाशिकच्या मातीने दिली. थंडी मात्र प्रत्येकाला वीज जाळूनच मिळवावी लागली. लहान उत्पादकाची खरी कसोटी तिथेच होती.