मांजराच्या हृदयाची तपासणी कशी होते? नुसता स्टेथोस्कोप का पुरत नाही?

रात्री पोटभर जेवलेला बोका पहाटे कळवळून ओरडायला लागतो. मागचे पाय फरफटत पुढे सरकतो. पायांना हात लावावा तर गार. घरच्यांना वाटतं, कपाटावरून पडला असेल. पण असं अचानक घडतं तेव्हा बऱ्याचदा तो पडलेला नसतो. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकलेली असते. आणि आपल्या मांजराला हृदयाचा आजार आहे, हे अनेक घरांत त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

मांजरांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात एचसीएम. यात हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड भिंत नीट सैल पडत नाही, त्यामुळे कप्प्यात रक्त कमी मावतं आणि मागे दाब वाढत जातो. वरचा कप्पा फुगतो, तिथे रक्त रेंगाळतं आणि गुठळी होते. हाच दाब फुप्फुसांपर्यंत पोचला की तिथे किंवा छातीत पाणी साचतं.

मेन कून जातीत यामागचा जनुकीय बदल 2005 मध्ये सापडला, रॅगडॉलमध्ये 2007 मध्ये. म्हणून हा महागड्या मांजरांचा आजार आहे असं समजू नका. पर्शियनला होतो, तसाच पार्किंगमधून उचलून आणलेल्या देशी मनीलाही होतो.

मग आधी कळत का नाही? हृदयविकार असलेला कुत्रा बऱ्याचदा खोकतो, फिरायला नेलं की त्याला धाप लागते. मांजराला खोकला क्वचितच येतो आणि फिरायला तर कोणी नेतच नाही. दम लागला की ते गुपचूप पलंगाखाली जाऊन झोपतं. आपण म्हणतो, वय झालं, आळशी झालीये.

घरी करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र खरंच कामाची आहे: झोपेतले श्वास मोजणं. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. गुरगुरत असेल किंवा स्वप्नात मिशा हलवत असेल तर तेव्हा मोजू नका, आकडा चुकतो. मिनिटाला 30 पेक्षा कमी श्वास असतील तर ठीक. पुन्हा पुन्हा 30 च्या वर जात असतील तर डॉक्टरांना दाखवा. आणि मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नका. लगेच न्या.

दवाखान्यात डॉक्टर आधी स्टेथोस्कोप लावतात. इथेच घोळ आहे. निरोगी मांजरातही कधी कधी हृदयाचा जादा आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू येतो. उलट, एचसीएम असलेल्या काही मांजरांत काहीच ऐकू येत नाही. त्यात बाजूच्या बाकावर लॅब्राडॉर भुंकत असतो, रिक्षाचे धक्के खाऊन मांजर आधीच हादरलेलं असतं, ठोके मिनिटाला 200 च्या घरात गेलेले असतात. एक्स-रेमध्ये फुप्फुसांतलं पाणी दिसतं, पण भिंतीची जाडी दिसत नाही. ईसीजीवर ठोक्यांची लय कळते. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी हृदयावरचा ताण सांगते.

पक्कं निदान होतं ते इकोने. माणसांची टू-डी इको असते तीच. मांजराला कुशीवर झोपवून छातीवर प्रोब फिरवतात. दुखत नाही, बऱ्याचदा भूलही लागत नाही. ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल असताना भिंत 6 मिलिमीटर किंवा जास्त जाड भरली, तर ती जाड धरतात. वयस्कर मांजरात मात्र रक्तदाब आणि थायरॉइडही तपासावाच लागतो, कारण त्यांच्यामुळेही भिंत जाड होऊ शकते.

नसबंदीच्या वेळी मर्मर असल्याचं कोणी सांगितलं होतं? मग पुढची भूल, सलाईन किंवा बरेच दिवस टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना ते आठवणीने सांगा. तोवर उत्तम चाललेलं आजारी हृदय अशा वेळी अचानक थकू शकतं.

एचसीएम बरा होत नाही, पण अनेक मांजरं त्यासोबत वर्षानुवर्षं मजेत राहतात. वरचा कप्पा फुगला असेल तर गुठळी टाळायला क्लोपिडोग्रेल देतात, पाणी साचलं तर लघवीवाटे ते काढणारं औषध. डोस डॉक्टरच ठरवणार. घरातलं पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजराचा त्याने जीव जातो.

नेण्याच्या आठवडाभर आधी पिंजरा घरात उघडा ठेवा, आत तिचा रोजचा टॉवेल टाका. फारच घाबरणारी असेल तर निघण्याआधी द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टरांकडे मागा. आणि झोपेतल्या श्वासांचा एक व्हिडिओ फोनवर काढून न्या, कारण दवाखान्यात ती तशी झोपणार नाही.