आयरिश पब : दुकान, उधारी आणि आडोसा

आयर्लंडमधल्या गावात फिरताना पबच्या दारावर आपल्याला बहुधा एखादं आडनाव दिसतं. पब म्हणजे मुळात कोणाचं तरी घर आणि दुकान. डिंगल गावातल्या ‘डिक मॅक्स’मध्ये आजही एका बाजूला दारूचा काउंटर आणि समोर चामड्याच्या वस्तू आहेत. प्रवाशाला ही सजावट वाटते, पण ती सजावट नव्हे. एकोणिसाव्या शतकात एकच मालक किराणा विकायचा, खिळे-मोळे विकायचा आणि दारूही. काही गावांत तर अंत्यविधीची व्यवस्थासुद्धा त्याच्याकडेच असे. शेतकऱ्याची उधारी त्याच्या वहीत, म्हणून गावात त्याचं वजन मोठं.

आता ‘स्नग’ बघू. काउंटरला लागून लाकडी आडोशाची छोटी खोली, दारू आत द्यायला एक झरोका. आपल्याला ती फार उबदार वाटते. पण ती कोणासाठी होती? ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचं नव्हतं त्यांच्यासाठी, आणि विशेषतः बायकांसाठी. मुख्य बारमध्ये त्यांचं येणं कोणाला रुचत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही काही पब बाईला पाइंटचा ग्लास द्यायला नकार देत. केवळ बाई म्हणून असा नकार देणं २००० सालच्या समान दर्जाच्या कायद्यानं बेकायदा ठरवलं.

तेव्हा स्नगमध्ये जागा मिळाली तर जरूर बसावं. फक्त त्या झरोक्यातून पलीकडे बघताना स्वतःला विचारावं, की तिथं मोकळेपणानं उभं राहायची मुभा कोणाला होती?