घर कोणाच्या नावावर?

आमच्या सालवडपासून तारापूरचा किल्ला जवळच. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. किनाऱ्याने वर गेले की दमण. ते मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले. नवरा-बायको वेगळे झाल्यावरच्या वाटणीशी याचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

पोर्तुगीजांचा १८६७ चा दिवाणी कायदा गोव्यात आणि दमणला लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक, हक्क निम्मा-निम्मा. हे तत्त्व तिकडे आजही चालते. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आहे, पोटगी आहे, पण संसारात उभ्या केलेल्या घराचे दोन वाटे करण्याचा नियम नाही. स्त्रीधन तिचे. घर मात्र साधारणपणे कागदावर ज्याचे नाव, त्याचे! हप्त्यासाठी बायकोने दागिने मोडले असतील, तर ते तिने पुराव्यानिशी सिद्ध करायचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करा, असे सांगितले ते काही उगाच नव्हे.

आता भांडायचे तर वकील हवा, आणि वकिलाला पैसे हवेत. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक मदतीचे कलम ३९-अ आले. त्यावर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि १९९५ मध्ये तो अमलात आला. त्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. आदिवासी बांधवांनाही तसेच. तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

माझ्या मते खरा उपयोग मध्यस्थीचा. न्यायाधीशाला कायद्याबाहेर जाता येत नाही. समोरासमोर बसलेल्या दोघांना मात्र, फ्लॅट विकू, बँकेचे कर्ज फेडू, उरेल ते निम्मे-निम्मे घेऊ, असे ठरवता येते. म्हणजे दमणच्या कायद्याने जे आपोआप मिळते, ते इथे समजुतीने मिळवता येते. लोकन्यायालयात झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, तिच्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्याआधी आपल्या वकिलाकडून प्रत्येक ओळ समजून घ्यावी. नातेवाइकांच्या बैठकीत तोंडी ठरलेले पुढे कोणी मानत नाही.

तारापूरच्या कारखान्यांत कमावणाऱ्या आमच्या मुलामुलींनी बोईसरला घर घेतानाच दोन्ही नावे घातली, तर पुढचे पुष्कळ टळेल. भाचे-पुतण्यांनो, वाचताय ना?