आपला डॉक्टर

आमचं सापगाव भातसा नदीकाठचं. शहापूर तसं जवळ, पण भर पावसात आजारी माणूस घेऊन निघायचं म्हणजे घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. माझ्या लहानपणी दुखण्याची वाट ठरलेली. आधी आजीचा काढा, मग भगत, आणि अगदीच भागलं नाही तर डॉक्टर. चांगला डॉक्टर कोण? तर सुई मारतो तो. नुसत्या गोळ्या दिल्या की म्हातारी माणसं रस्ताभर कुरकुरायची, "पैसं घेतलं, न सुई बी नाय मारली."

खेड्याला जवळचा डॉक्टर मिळावा हा विचार मात्र जुना. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला. सुरुवातीला दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असं त्यात होतं. १९५२ साली समाजविकास योजना निघाली आणि अशी केंद्रं उघडू लागली. पुढं प्रमाण बदललं. सपाटीवर ३०,००० लोकांना एक केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० लोकांना. त्याखाली उपकेंद्र, तिथं नर्सबाई. ताप-खोकला, लसी, बाळंतपण गावाजवळच बघायचं आणि जड दुखणं वेळेवर पुढं धाडायचं, एवढा साधा हिशेब.

असा केंद्रातला डॉक्टर काय करू शकतो, ते आपल्या कोकणानंच दाखवलं. विंचू चावला की आमच्याकडं भगत उतारा करायचा. लाल विंचवाचा दंश महाडकडंही माणसं मारत होता. तिथं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. ते रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत गेले. माणूस दगावतो तो हृदय थकून फुफ्फुसात पाणी झाल्यानं, हे त्यांनी ओळखलं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढं प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी या दंशावर वापरली आणि मरणारे वाचू लागले. मोठं यंत्र नव्हतं. माणूस बघणं, विचारणं आणि लिहून ठेवणं, एवढंच होतं.

आमच्या घरी हेच कमी पडलं. बाबांना खोकला लागला. एका डॉक्टरनं बाटली दिली, दुसऱ्यानं सुई, तिसऱ्यानं पुन्हा बाटली. गुण नाही आला की आम्हीच डॉक्टर बदलायचो. जुना कागद कुणी मागितला नाही, आम्हीही दाखवला नाही. बाबा वाळत चालले, सदरा अंगावर लोंबायला लागला. शेवटी नर्सबाईंनी दटावून केंद्रात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिलंच विचारलं, "बाबा, खोकला कधीपासून आहे?"

"भात झोडलं तवापासनं."

म्हणजे दोन महिने होऊन गेले होते. दोन आठवड्यांवर खोकला राहिला की बेडका तपासायचा, हा नियम. तपासला, क्षय निघाला. औषध सरकारी, फुकट. सहा महिने नर्सबाईंनी गोळ्या चुकू दिल्या नाहीत. बाबा उठले, पुढच्या आवणीला चिखलात उभे राहिले. आणखी दोन डॉक्टर फिरलो असतो तर काय झालं असतं, ते बोलवत नाही.

तेव्हापासून मी सुई बघत नाही. पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का, बघतो. डॉक्टर किती दिवसांचं दुखणं ते विचारतो का, नळी लावून तपासतो का, औषध कशाचं ते सांगतो का, ते बघतो. "हे माझ्याच्यानं होणार नाही, आजच पुढं न्या," असं जो सांगतो, त्याच्याकडं मी डोळे झाकून जातो. आणि गुण लगेच आला नाही तर दुसरीकडं पळण्याआधी परत त्याच्याकडंच जाऊन सांगतो. एकाच माणसाला आपलं दुखणं पहिल्यापासून ठाऊक असावं.

बाबा आता नाहीत. त्यांच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी अजून खुंटीला आहे. आता तिच्यात माझे कागद असतात.